बोटीच्या छतातले जुने पिवळे दिवे काढून एलईडी बल्ब बसवायचेत, काय काय बघावं? (बामणोली)

शिवसागरकाठ

नमस्कार मंडळी. बामणोलीला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, आमची फायबरची बोट आहे, सव्वीस फुटी, बारा माणसांची. तात्यांनी ती कोकणातून जुनी विकत घेतलेली. इंजिन डिझेल, बॅटरी एकच, 12 व्होल्ट 80 एएचची (एएच म्हणजे ॲम्पियर-तास). सेल्फही त्याच बॅटरीवर आणि दिवेही त्याच बॅटरीवर.

आधीच्या मालकानं हौसेनं छताच्या आतून पितळी कडीचे सहा गोल दिवे बसवलेत. चढायच्या पायरीशी दोन बारके, कडेला खाली तोंड करून. इंजिनाच्या खणात एक, तो वेगळा. छतातले बल्ब दोन्ही टोकांना टोपी असलेले, जीपच्या रूफ लाईटला असतात तसले, 5 वॅटचे. पायरीचे बिनटोपीचे, काचेच्या बुडाचे, तेही 5 वॅटचे.

अंधार पडल्यावर आम्ही बोट चालवत नाही. वासोटा किल्ल्याला नेलेली माणसं दिवस असतानाच परत आणतो. पण घरी राहायला आलेले पाहुणे संध्याकाळी धक्क्याला बांधलेल्या बोटीत जाऊन बसतात, चहा-भजी तिथंच मागवतात, आणि दोन-तीन तास दिवे चालू राहतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बोटही खाली न्यावी लागते. मग त्या चिखलातून चालत जाताना पायरीचे दिवे लागतातच.

अडचणी अशा:

सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. शनिवार-रविवार गर्दी असली की सोमवारी हमखास.

बल्ब सारखे उडतात, तेही इंजिन चालू असताना.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर सारखं घालावं लागतं. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी जुनी झाली, बदला.

मला सगळे बल्ब काढून एलईडी करायचेत. साताऱ्यातल्या एका दुकानातून नमुन्याला दोन आणले. एक तर दोन दिवसांत लुकलुकायला लागला. दुसरा इतका पांढराफेक की तात्या म्हणाले, "हे काय ऑपरेशन थिएटर केलंस व्हय?" त्यांना तोच जुना पिवळा उजेड पाहिजे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

कुठला बल्ब घ्यावा? नुसते बल्ब बदलून भागेल की वायरिंगपण काढावं लागेल?

---

फुल्ल_स्पीड

कशाला बल्बच्या भानगडीत पडता. पाच मीटरची एलईडी पट्टी आणा, छताला चिकटवा, रिमोटवर सात रंग. पाहुणे फोटो काढून खूश. आमच्या टेम्पोत तेच केलंय.

---

बॅटरीवाला_सातारा

टेम्पोचं टेम्पोत राहू दे भावा. पट्टीचा डिंक दमट हवेत एक पावसाळासुद्धा धरत नाही, मग ती लोंबकळते आणि माणसांच्या डोक्याला लागते.

आता मूळ प्रश्नाकडे. बल्ब नंतर घ्या. आधी मल्टीमीटर घ्या, नाहीतर शेजारच्या वायरमनचा आणा.

तुम्ही तीन अडचणी लिहिल्यात. मला त्यातल्या मागच्या दोन एकच दिसतात. इंजिन चालू असताना बल्ब उडणं आणि बॅटरीचं पाणी आटणं, म्हणजे डायनामो जास्त चार्जिंग देतोय. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी उतरली. इंजिन चालू केल्यावर 14 ते 14.4 पाहिजे. रेस वाढवून बघा. काटा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे डायनामोचे व्होल्ट आवरणारा भाग, गेलाय, आणि नवी बॅटरीही तो उकळून मारणार. साध्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजवर फार अवलंबून असतं. पाच टक्के व्होल्टेज वाढलं तरी ते जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून तुमचे उडतात.

तुमचा नमुन्याचा एलईडी का लुकलुकला तेही यातच आहे. स्वस्त बल्बात तीन एलईडी एका ओळीत असतात आणि त्यांच्या मागं एक रेझिस्टर. तीन एलईडी मिळून 9 व्होल्ट खातात, उरलेले 3 रेझिस्टरवर पडतात. 12 व्होल्टला हिशोब बरोबर बसतो. इंजिन चालू झालं, 14.4 आले, की रेझिस्टरवर 5.4 पडतात. म्हणजे व्होल्टेज वाढलं वीस टक्के, पण करंट वाढला ऐंशी टक्के. 15.5 झाले तर करंट दुपटीच्या वर. एलईडी आतून भाजतो, आधी लुकलुकतो, मग जातो. गाडीचा बल्ब म्हणून विकतात, पण गाडी चालू असताना किती व्होल्ट असतात हे बनवणाऱ्यानं बघितलेलं नसतं.

म्हणून बल्ब घेताना पाकिटावर नुसतं "12 व्होल्ट" लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. "10 ते 30 व्होल्ट" लिहिलेला घ्या. त्यात आत छोटा ड्रायव्हर असतो, वरून व्होल्ट कितीही नाचले तरी एलईडीला करंट तेवढाच जातो. लिहिलेलं खरं आहे का बघायचं तर मल्टीमीटर ॲम्पियरला लावून आधी इंजिन बंद ठेवून मोजा, मग चालू करून मोजा. ड्रायव्हरवाल्यात व्होल्ट वाढले की बॅटरीतून ओढला जाणारा करंट थोडा कमी होतो. साध्यात वाढतो. दुकानदार काहीही सांगो, मीटर खोटं बोलत नाही. आणि "कॅनबस" लिहिलेला अजिबात घेऊ नका. नव्या गाडीच्या कॉम्प्युटरला बल्ब उडाल्यासारखं वाटू नये म्हणून त्यात मुद्दाम वीज खाणारा रेझिस्टर टाकलेला असतो. तुम्हाला वीज वाचवायचीय, मग तो काय कामाचा?

वॅट बघून फसू नका. तुमचा 5 वॅटचा जुना बल्ब साधारण 45-50 ल्युमेन उजेड देतो, बाकी सगळी उष्णता. तेवढाच उजेड एलईडी अर्ध्या ते एक वॅटमध्ये देतो. लोक 3 वॅटचा घेतात आणि मग डोळ्यात जातो म्हणून ओरडतात. रंगासाठी 2700 किंवा 3000 के (केल्विन, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) लिहिलेला घ्या, तात्या खूश होतील. 6000 म्हणजे तुमचं ऑपरेशन थिएटर. पिवळ्याला किडेही कमी येतात. भात पोटरीत असताना धरणाकाठी पांढरा दिवा लावून भजी खाल्ली तर भज्यात काय काय येतं ते मी सांगायला नको.

आता बॅटरी. आठ बल्ब गुणिले 5 म्हणजे 40 वॅट, साधारण 3.3 ॲम्पियर. तीन तास लावले की 10 एएच गेले. शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून 30. दिवसा इंजिन चालतं पण जुनी बॅटरी तेवढं परत घेत नाही. एलईडी केल्यावर आठही मिळून अर्धा-पाऊण ॲम्पियर. तीन तासांना दोन एएच धरा. सेल्फची काळजी मिटली.

वायरिंग सगळं काढायची गरज नाही, पण होल्डर उघडून बघाच. दोन्ही टोकांच्या बल्बाची पत्र्याची पाती वर्षानुवर्षं तापून सैल होतात. एलईडी बल्ब वजनाला हलका, इंजिनाच्या थरथरीत तो पात्यातून सटकतो. पक्कडीनं पाती हळूच आत वाकवा आणि झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं काळं साफ करा. बल्बची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून न्या, 31, 36 आणि 42 एमएम अशा मापात येतात, डोळ्यांनी फरक कळत नाही. खोलीही मोजा. काही एलईडीच्या पाठीला ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते, मग वरची काचच बसत नाही. आणि एलईडी एकाच बाजूला उजेड फेकतो, पिवळे ठिपके खाली येतील असा फिरवून बसवा. लागला नाही तर उलटा करून बघा, प्लस-मायनस उलट असेल.

बॅटरीच्या प्लसपाशी फ्यूज आहे का? लिहिलं नाहीत.

---

शिवसागरकाठ

काका, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. आज मोजलं.

इंजिन बंद: 12.3. चालू, रेस नाही: 14.6. रेस दिल्यावर 15.7 पर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. तात्या बघत होते, म्हणाले, "तरीच बॅटरीपाशी वास येतोय."

फ्यूज आहे म्हणायला. काचेचा फ्यूज उडाल्यावर कुणीतरी त्यावर तांब्याची तार गुंडाळलीय. एक होल्डर उघडला तर आत हिरवा चिकट थर, आणि वायर सोलली तर आतून काळी. छतातले चार ठीक वाटतात. दोन पुढच्या बाजूचे, जिथं पावसात ताडपत्रीवरून पाणी आत येतं, ते खराब आहेत. बल्बची लांबी 36.

---

बॅटरीवाला_सातारा

15.7 ला काहीही टिकणार नाही. आधी रेग्युलेटर बदला, बरोबर डायनामोचे कार्बन पण बघून घ्या. त्यानंतर परत मोजा, 14.4 च्या आत आलं की मगच बल्ब आणा. बॅटरीवाल्याच्या नादाला लागून बॅटरी आत्ता घेऊ नका. पाणी भरा, सावकाश चार्ज करून आणा, कदाचित हीच अजून एक हंगाम काढेल.

बॅटरीपाशी वास येतो म्हणालात, तर त्या खणाचं झाकण उघडं ठेवून काम करा आणि जवळ काडी-सिगारेट नको. जास्त चार्जिंगला हायड्रोजन निघतो.

ती तांब्याची तार आजच्या आज काढा. फायबरच्या बोटीत वायर पेटली तर उडी मारायला पाणीच आहे, पण वासोट्याच्या बाजूला जंगलात उतरून करणार काय? पात्याचा फ्यूज होल्डर घ्या, झाकणवाला, आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवा. एलईडीच्या लाईनला 2 ॲम्पियरचा पुरतो.

काळी पडलेली वायर तेवढीच कापा. काळा भाग संपून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागं जा. बोटीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची वायर येते, पांढरट दिसते, ती मिळाली तर उत्तम. जोड पिळून टेप मारू नका. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबा आणि वर आत डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, बसवा. पुढच्या दोन दिव्यांना काचेखाली रबरी वॉशर घाला, आणि वायर दिव्यात वरून न आणता खालून वळसा देऊन आणा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, दिव्यात जात नाही.

---

कृष्णाकाठचा

सांगलीकर बोलतोय. आमची लाकडी नाव आहे, सांगलीवाडीच्या बाजूला असते. मर्दा, वरच्या काकांनी सगळंच सांगितलंय, दोन गोष्टी माझ्याही.

पायरीचे दिवे पाण्याजवळ असतात, तिथं उघड्या होल्डरात एलईडी बल्ब घालून भागत नाही. जुना बल्ब पाणी उडालं तरी स्वतःच्या उष्णतेनं होल्डर वाळवून टाकायचा. एलईडी गार, आत ओल तशीच राहते. आमच्याकडं पहिल्यांदा पायरीचेच गेले. तिथं सीलबंद दिवाच घ्या, आयपी 67 लिहिलेला. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. आयपी 65 म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, बुडणं नाही. 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाखाली 57 फुटांच्या आसपास गेलेलं, धोक्याची पातळी 45. त्या पुरापुढं कसला आयपी आणि कसलं काय. नाव झाडाला बांधून आम्ही स्वतः वर पळालेलो.

दुसरं, गणपतीच्या दिवसात काही जण इन्व्हर्टर टाकून 230 व्होल्टच्या दिव्यांच्या माळा नावेवर लावतात. विसर्जनाला शोभा दिसते, पण ओल्या फळीवर अनवाणी उभी असलेली पोरं बघून माझ्या पोटात गोळा येतो. पाहुण्यांनी माळा आणल्या तर 12 व्होल्टच्याच, नाहीतर हात जोडा.

आणि दिवे छताच्या बाहेरच्या कडेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर नकोत. नाव बांधलेली असली तरी कुणी दोर सोडायला उठलं की समोर काळोखच दिसतो, पाणी कुठं संपलं आणि धक्का कुठं सुरू झाला कळत नाही.

---

निवृत्त_दर्यावर्दी

मी वाईचा, जहाजांवर इलेक्ट्रिकलला नोकरी केली. एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

शोभेचे दिवे आणि नौकानयनाचे दिवे यात गल्लत करू नका. आपण अंधारात बोट चालवत नाही हे चांगलंच आहे, पण बोटीला पुढं लाल-हिरवा दिवा असेलच. डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा, प्रत्येकी 112.5 अंशांत दिसणारा. मागचा पांढरा 135 अंशांत. तिन्ही मिळून पूर्ण वर्तुळ. हे कोन काचेच्या आणि फिलामेंटच्या जागेवर ठरवलेले असतात. तिथं बाजारातला एलईडी बल्ब घातला की उजेडाचा उगम हलतो आणि कोन बिघडतो. शिवाय पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो, त्यामुळं लाल काचेमागं तो मंद दिसतो, हिरव्या काचेमागं निळसर. बदलायचाच असेल तर एलईडीसकट बनवलेला पूर्ण दिवा घ्या. सर्व्हेच्या वेळी तेच विचारतील. आता 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी इनलँड व्हेसल्स ॲक्ट 2021 आला आहे, दिवे आणि खुणा त्याच्या कक्षेत येतात.

समुद्रावरचा नियम असा की, नौकानयनाच्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा टेहळणीला अडथळा येईल असा दुसरा कुठलाही दिवा लावू नये. जलाशयाला तो जसाच्या तसा लागू नसला तरी शहाणपण तेच. वर एका सद्गृहस्थांनी सात रंगांची पट्टी सुचवली आहे. धक्क्याला एकीकडं लाल, एकीकडं हिरवी पट्टी लावून बोट उभी असेल, तर समोरून येणाऱ्याला ती चालत आपल्याकडंच येतेय असं वाटेल.

आणखी एक. त्या "10 ते 30 व्होल्ट"च्या बल्बातला ड्रायव्हर स्वस्तातला असेल तर रेडिओत खरखर आणतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं 2018 मध्ये याबद्दल इशाराच काढला होता, एलईडीमुळं व्हीएचएफ रेडिओवर, म्हणजे बोटींच्या आपसात बोलायच्या वायरलेसवर, संदेश ऐकू येईनात म्हणून. तुमच्याकडं व्हीएचएफ नसेल, पण रेडिओ तर असेल. आकाशवाणी लावा, मग दिवे लावा. खरखर वाढली तर ते बल्ब परत करा.

---

शिवसागरकाठ

सगळ्यांचे आभार. खबर देतो.

रेग्युलेटर बदलला. आता कितीही रेस दिली तरी 14.3. फ्यूज होल्डर बसवला. छतातले सहाही 36 एमएमचे 3000 केवाले बसले, पुढच्या दोघांच्या वायरी हातभर कापून नव्या टाकल्या. पायरीचे दोन सीलबंद घेतले, कृष्णाकाठच्या दादांचं ऐकून. सगळे मिळून 0.55 ॲम्पियर. रेडिओवर आधी खरखर होती, त्या दुकानदारानं कुरकुर करत बल्ब बदलून दिले, दुसऱ्या पाकिटातल्यांना नाही. तात्यांनी बोटीत बसून पेपर वाचला आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे पास.

नौकानयनाच्या दिव्यांना हात लावलेला नाही.

आता एक विचित्र गोष्ट. स्विच बंद केला तरी रात्री छतातले दिवे अगदी मंद लुकलुकताना दिसतात. घरातली म्हातारी म्हणते बोटीत काहीतरी आहे. जुन्या बल्बांना असं कधी झालं नव्हतं.

---

बॅटरीवाला_सातारा

आजींना सांगा भूत स्विचात आहे. तुमचा स्विच अंधारात सापडावा म्हणून बंद असताना लाल ठिपका लागणारा असणार. त्या ठिपक्याचा करंट दिव्यांमधूनच मायनसला जातो. काही मिलीॲम्पियर असतो, जुन्या बल्बला त्यानं गरमसुद्धा व्हायचं नाही. एलईडीला मात्र तेवढंही पुरतं.

इलाज दोन. एकतर बिनठिपक्याचा साधा स्विच टाका. नाहीतर इंजिनाच्या खणातला जो वेगळा दिवा आहे म्हणालात, त्यात जुनाच 5 वॅटचा बल्ब ठेवा आणि त्याची वायर छताच्या लाईनला जोडा. थंड फिलामेंटचा रोध अगदी कमी, सगळा चोरटा करंट तो गिळतो आणि एलईडीपर्यंत काही पोचतच नाही. पण मग छत लावलं की इंजिनाचा खणही उजळेल आणि अर्धा ॲम्पियर परत खाईल, म्हणजे बचत तिथंच गेली. मी असतो तर स्विच बदलला असता.

---

कृष्णाकाठचा

स्विचच बदला. रबरी टोपीवाला घ्या, ओल्या हातानं दाबला तरी पाणी आत जात नाही.

---

ऊसवाला_इस्लामपूर

चांगला धागा. हेच बल्ब ऊस वाहायच्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्याला चालतील का?

---

बॅटरीवाला_सातारा

नाही चालणार. ट्रॉलीचा मागचा बल्ब डबल पॉइंट, त्याच्या पिना वर-खाली असतात, ब्रेकला एक फिलामेंट आणि टेलला दुसरं. त्याला तसलाच एलईडी लागतो, आणि लाल काचेमागं लाल एलईडीच घाला, वर दर्यावर्दी काकांनी सांगितलंय तेच कारण. बाकी ट्रॉलीच्या वायरिंगचं आणि अर्थचं दुखणं निराळंच आहे, त्याला वेगळा धागा काढा. मागच्या फळीचा आणि होल्डरचा फोटो टाका म्हणजे बघतो.